इतर

बियाण्याच्या दुकानावरची ही खोली.
इथून मी मच्छीमार संस्थेचं पोर्टल चालवतो,
म्हणजे रोज सकाळी उघडून पाहतो जिवंत आहे का,
बांधावरचा माणूस
काठी घालून पाणी पाहतो तसं.

एकशे ब्याऐंशी सभासद, अकरा तलाव, सत्तावीस बोड्या,
एक ठरावबुक, कोपऱ्यातून उंदरानं वाचलेलं.
जुनी यादी जुन्या फॉन्टात होती.
युनिकोडात आणली तर रफार पळाले,
मारबत्यांची मात्रा उक्यांच्या डोक्यावर बसली,
वेलांट्या गळून काही बाया
रातोरात पुरुष झाल्या.
तीन आठवडे नुसती नावं जागेवर आणत होतो.
शामकलाबाई जिना चढून आल्या,
स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या,
"हे मीच होय का जी?"
बोटाचा ओला ठसा राहिला.
पुसला नाही दोन दिवस.
मग पुसला, धूळ धरत होता.

पुण्याच्या मदत कक्षातल्या मुलीनं विचारलं,
सर, मालकाच्या रकान्यात 'मामा तलाव' आहे,
तर मामांचं पूर्ण नाव?
माजी मालगुजारी, मी म्हटलं.
तिनं आडनाव म्हणून मालगुजारी भरलं.
अजून तसंच आहे. चार तिकिटं टाकून झाली.

वरून आलेला नमुना पक्का:
माशाची जात निवडा.
रोहू. कटला. मृगळ. इतर.
टेंभुर्णे सचिव चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिले.
"इतर म्हंजे?"
बाकीचे सगळे.
"बाकीचे सगळे एकाच खान्यात?"
म्हटलं, ती यादी माझ्या हातात नाही.
ते काही बोलले नाहीत.
पिशवी माझ्याच टेबलावर विसरून गेले, वांगी होती.

पासवर्ड दर नव्वद दिवसांनी मरतो.
आठ अक्षरं तरी हवीत, एक आकडा, एक चिन्ह,
आणि मागचा कुठलाच पुन्हा चालत नाही.
पहिला त्यांनी माझ्या कानात सांगितला,
खोलीत दोघंच होतो तरी.
दाडक, इंग्रजी अक्षरांत,
पुढे तो शेवटचा जाळ्यात दिसला ते साल.
नंतर बोटरी.
नंतर शिंगूर.
काहींचं साल आठवेना, तेव्हा धाकट्या पोरीच्या जन्माचं टाकलं.
दर वेळी हिरवी पट्टी सरकत जायची:
मजबूत.

सर्व्हर शब्द ठेवत नाही, मी त्यांना समजावलं,
शब्दाचा चुरा करून ठेवतो,
चुऱ्यातून परत मासा जुळत नाही.
"मंग तं आपल्या तलावासारखाच हाय," ते म्हणाले,
आणि चहा मागवला.

फेब्रुवारीत प्रमाणपत्र संपलं.
संस्थेच्या नावापुढे लाल अक्षरांत आलं,
ही जागा सुरक्षित नाही.
तीन गावांतून फोन.
एकानं घाबरून विचारलं, बांध फुटला का?
बाराशे रुपये मीच भरले.
पावती फायलीत आहे, फाईल मंजुरीत.

काल पुन्हा नव्वद भरले.
सचिव आले, बसले, बोटांवर मोजत गेले,
एकविसाव्या पेराला थांबले.
"सरले आता."
मी म्हटलं, झाडाचं घ्या, गावाचं घ्या.
त्यांनी फोन लावला.
शामकलाबाई कमरभर पाण्यात बेशरम उपटत होत्या,
फोन बांधावर, नातवाजवळ.
त्यानं ओरडून विचारलं.
मधे वारा, कुठलंसं ट्रॅक्टर,
आणि मग पाण्यावरून एक नाव आलं.

मी कधी ऐकलं नव्हतं.
सचिवांनी मात्र डोळे मिटले,
"हौ. होता. होता थो."
स्पेलिंग कुणालाच माहीत नव्हतं.
कानाला आलं तसं टाइप केलं,
खालच्या चौकटीत पुन्हा एकदा.
दोन्ही जुळले.

इथे लिहिलंही असतं ते नाव,
पण अजून एकोणनव्वद दिवस
ते चालू आहे.